इथपासून कुणीतरी बाई बोलतात

पत्र:

«मी ४३ वर्षांची आहे. १८ वर्षं माध्यमिक शाळेत भाषा शिकवते. गेली चार वर्षं पहाटे आणि सुट्ट्यांत बसून एक कुमार कादंबरी लिहिली. १४ वर्षांची मुलगी, वडील घर सोडून जातात आणि ती हळूहळू सावरते, असं कथानक आहे. दोन प्रकाशकांनी संहिता परत केली. त्यातल्या एकाने लिहिलं, ‘भाषा शुद्ध आणि सुंदर आहे, पण मुलांना ही गोष्ट आपली वाटणार नाही.’ मी रोज सव्वाशे मुलांत वावरते, तरी असं का व्हावं? मला वाटतं, शाळेमुळे मी पूर्ण ताकदीने लिहू शकत नाही. वर्ष संपलं की राजीनामा द्यावा असं मनात आहे. घरचे घाबरलेत. आणखी एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. कथेतली मुलगी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीवरून आली आहे. तिने तेव्हा निबंधाच्या वहीत जे लिहिलं होतं, त्यातलं बरंच मी घेतलंय. नाव बदललंय. हे चालेल ना? की या वयात हा उद्योग सुरू करणंच चुकलं? पहिली तीन प्रकरणं आणि शेवटचं प्रकरण सोबत पाठवत आहे.

— एक शिक्षिका»

प्रिय बाई,

मीही २१ वर्षं हीच हाक ऐकली, म्हणून तुम्हालाही त्याच नावाने हाक मारते. तुमची चारही प्रकरणं वाचली. पहिली तीन दोनदा वाचली. शेवटचं एकदाच वाचलं, कारण त्यात माझं मन लागलं नाही. असं का झालं, तेच आधी सांगते. राजीनाम्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

तुमच्या पहिल्या प्रकरणात ती मुलगी रात्री अंथरुणात पडून जिन्यावरची पावलं मोजते. वडील असतील तर अकरा पावलं, मग एक थांबा, मग किल्ली. दुसरं कुणी असेल तर थांबा नाही. वडील गेल्यावरही ती मोजत राहते. एका रात्री अकरा पावलं वाजतात, थांबाही येतो, आणि किल्ली शेजारच्या दाराला लागते. या परिच्छेदात तुम्ही ‘दुःख’ हा शब्द वापरलेला नाही. कुणी रडत नाही. मी मात्र तिथे पान उलटायचं विसरले. हे ज्या बाईला लिहिता येतं, तिने आपण लेखिका आहोत का असं कुणाला विचारायची गरज नाही.

आणि मग त्याच प्रकरणाच्या शेवटच्या पानावर हीच मुलगी म्हणते, ‘संकटं माणसाला घडवतात हे मला त्या रात्री उमगलं.’ बाई, त्या रात्री तिला असं काही उमगलेलं नाही. तिला झोप लागलेली नाही, उद्या गणिताची चाचणी आहे आणि आईला काही विचारलं तर आई रडेल, एवढंच तिला ठाऊक आहे. ते वाक्य तुम्ही म्हटलंत. तिच्या तोंडून म्हटलंत, पण ते वाक्य तुमचं आहे.

माझ्या पहिल्या संहितेचं अगदी हेच झालं होतं. मी ती माझ्या वर्गातल्या चार मुलांना वाचायला दिली. चौघांनाही ‘खूप आवडली’. प्रगतिपुस्तकावर जिची सही असते, तिच्या हस्तलिखिताबद्दल मुलं दुसरं काय सांगणार? मग एका ग्रंथपाल मैत्रिणीने नाव काढून टाकलेली प्रत तिच्या वाचनालयात येणाऱ्या आठवीतल्या एका मुलाला दिली. तो मला ओळखत नव्हता. लेखिका शिक्षिका आहे की डॉक्टर, बाई आहे की पुरुष, यातलं काहीही त्याला सांगितलेलं नव्हतं. तीन आठवड्यांनी प्रत परत आली. ३४व्या पानाच्या समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: ‘इथपासून कुणीतरी बाई बोलतात.’

त्यापुढे त्याने वाचलंच नव्हतं.

ती पेन्सिलीची ओळ मी अजून जपून ठेवली आहे. पुढे माझी सहा पुस्तकं आली, त्यांवर परीक्षणंही आली, पण इतकं नेमकं कुणी काही लिहिलं नाही. प्रकाशकाने तुम्हाला सभ्य शब्दांत जे कळवलं, ते हेच आहे. रोज सव्वाशे मुलांत असूनही असं का व्हावं, हा तुमचा प्रश्न खरा आहे, आणि मला त्याचं उत्तर असं दिसतं: आपण मुलांत असतो, पण फळ्याच्या बाजूने. आपल्याला उत्तर माहीत असतं, ही वर्गातली पहिली अट आहे. ३५ मिनिटांचा तास कुठे संपणार हे तास सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं, आणि पाठाखालचे प्रश्नही तयार असतात. १८ वर्षं असा श्वास घेतला की लिहितानाही हात आपोआप शेवटच्या ओळीत तात्पर्य ठेवतो. शिक्षकाने असं करावंच, ते त्याचं काम आहे. पण चौदा वर्षांच्या मुलीच्या आत बसून लिहिणाऱ्याला ते करून चालत नाही, कारण तिच्यापाशी अजून कशाचंच उत्तर नाही. मोठ्या माणसाने मागे वळून सांगितलेलं बालपण आणि त्या वयातच उभं राहून सांगितलेली गोष्ट यांत हाच फरक असतो. कुमार कादंबरी या दुसऱ्या जागेवरून सांगायची असते.

हा साहित्यप्रकार आज ज्या रूपात आपण ओळखतो, त्याच्या सुरुवातीला एक शाळकरी मुलगीच होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेची ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आली, तेव्हा ती १८ वर्षांची होती. लिहायला घेतली तेव्हा शाळेतच होती. आपल्या आजूबाजूची मुलं जशी जगतात तशी पुस्तकांत कुठे दिसतच नाहीत, म्हणून तिने लिहिली. तिला आठवायची गरजच नव्हती, ती तिथेच होती. आपल्याला तिथे परत जावं लागतं, आणि जाताना खडू बाहेर ठेवावा लागतो.

तुम्ही म्हणाल, मग साने गुरुजींचं काय? संस्कार देण्यासाठीच तर लिहिलं त्यांनी, आणि पिढ्यान् पिढ्या मुलं वाचतात. हा मुद्दा मी स्वतःशी बरीच वर्षं घोळवला आहे. ‘श्यामची आई’ पुन्हा वाचाल तेव्हा सांगणारा स्वतःला कुठे बसवतो ते बघा. पोहायला जायच्या भीतीने लपून बसणारा श्याम तोच आहे. हट्ट करणारा, खोटं बोलणारा, आईला दुखावणारा तोच आहे. शहाणपण आईकडे आहे, सांगणाऱ्याच्या वाट्याला चूक आली आहे. रात्री जमलेल्या मित्रांना तो आपल्या चुका सांगतो, म्हणून ऐकणारी मुलं त्याच्या जवळ सरकून बसतात. तुमच्या कादंबरीत मात्र चूक मुलीची आहे आणि शहाणपण शाळेतल्या बाईंचं.

आता शेवटच्या प्रकरणाकडे येते. त्यात वर्गशिक्षिका मुलीला थांबवून घेतात, दोन पानं बोलतात, मुलगी रडते, घरी जाऊन आईला मिठी मारते, आणि वार्षिक परीक्षेत पहिली येते. बाई, मी हे कठोरपणे लिहिते आहे, कारण माझ्या पहिल्या संहितेतही अशाच एक बाई होत्या. समजूतदार, प्रसन्न, प्रत्येक मुलाच्या मनातलं ओळखणाऱ्या. शिक्षक कादंबरी लिहायला बसला की आपण जे व्हायला हवे होतो तो शिक्षक आधी लिहून काढतो. त्यामागे लाज असते, ओढ असते, एखाद्या मुलासाठी वेळेवर काही करता आलं नाही याची टोचणी असते. ती टोचणी खोटी नाही. पण ती तुमची कथा आहे, तिची नाही. त्या बाई पुस्तकात आल्या की मुलीला करण्यासारखं काही उरत नाही. दार उघडून देणारं कुणी मोठं माणूस मिळालं की वाचणाऱ्या मुलाला कळतं, हे पुस्तक मोठ्यांच्या बाजूचं आहे.

त्या बाईंना काढून टाका. किंवा ठेवायच्याच असतील तर त्यांना चुकू द्या. त्यांनी चांगल्या हेतूने भलताच प्रश्न भर वर्गात विचारावा, आणि मुलीने पुढचे दोन महिने त्यांच्याकडे बघू नये. असं आपल्या हातून झालेलं आहे ना? माझ्या हातून झालेलं आहे.

शेवटाबद्दल आणखी एक. अमेरिकन लेखक रॉबर्ट कॉर्मिए यांची ‘द चॉकलेट वॉर’ ही कुमार कादंबरी १९७४ साली आली, त्याआधी एकाहून अधिक प्रकाशकांनी त्यांना शेवट बदलायला सांगितला होता, कारण शाळेतल्या दांडगाईविरुद्ध उभा राहिलेला मुलगा त्यात जिंकत नाही. त्यांनी बदलला नाही. म्हणून तुम्हीही दुःखी शेवट करा असं माझं म्हणणं नाही. या वयाच्या वाचकाला थोडी उमेद लागते असंच मला वाटतं. पण ती त्या मुलीच्या आवाक्यातली असू द्या. पहिल्या नंबराने वडील परत येत नाहीत, आणि तिला ते माहीत आहे. ती एका रात्री पावलं न मोजता झोपली, एवढं झालं तरी मला पुरेल. तुम्ही सुरुवातीलाच तो जिना दिला आहे. शेवट तिथेच कुठेतरी आहे, बक्षीस समारंभात नाही.

आता राजीनामा.

या वर्षी देऊ नका. शाळेमुळे लिहिता येत नाही असं तुम्ही म्हणता, पण संहिता अडली आहे ती वेळेअभावी नाही. चार वर्षांत तुम्ही पूर्ण कादंबरी लिहिली आहे. ती जिथे अडली आहे तिथे रिकामा दिवस उपयोगी पडणार नाही. उलट, घरी बसलात तर तुमच्यातल्या बाई आणखी मोठ्याने बोलू लागतील, कारण त्यांना टोकायला समोर मुलंच नसतील.

मी हे अनुभवाने सांगते. तिसऱ्या पुस्तकानंतर मी शाळा सोडली. पहिली दोन वर्षं आनंदात गेली. चौथ्या पुस्तकाचे संवाद मात्र संपादकाने लाल करून परत पाठवले. माझ्या पुस्तकातली मुलं पाच वर्षांपूर्वीसारखी बोलत होती. त्या वयात भाषा फार लवकर कात टाकते. वर्गात असताना मला हे कधी शिकावं लागलं नव्हतं, ते मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात, रांगेत आपसूक कानांवर पडत होतं. शब्दांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे, मुलं कुठे बोलायची थांबतात ते तिथे कळतं. वर्गातून उठले आणि तो कान हळूहळू जड झाला. तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस मी मुलांच्या वाचनालयात पुस्तकं लावायचं काम करते. कुणाला काही विचारत नाही. पुस्तकं लावता लावता ऐकते.

शिक्षकीतून कादंबरीकडे गेलेल्यांची आयुष्यं पाहिली तरी वर्ग आडवा आला असं फारसं दिसत नाही. मायकेल मॉर्पर्गो इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवत होते. दिवस संपताना वर्गाला एक पुस्तक वाचून दाखवत असताना मुलं कंटाळली, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं आणि स्वतःची गोष्ट सांगितली. मुलं ऐकत राहिली. लेखक म्हणून आपली सुरुवात त्या वर्गात झाली असं ते सांगतात. दुसरे इंग्रज लेखक फिलिप पुलमन ऑक्सफर्डमधल्या शाळांत शिकवत होते. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यांमधल्या कथा ते वर्षानुवर्षं वर्गात पुस्तक न उघडता तोंडी सांगत. शाळेच्या रंगमंचासाठी लिहिलेल्या नाटकांतून त्यांच्या काही कादंबऱ्या निघाल्या. समोरची मुलं चुळबुळ करायला कुठे लागतात ते ज्याने हजार वेळा डोळ्यांनी पाहिलंय, त्याला प्रकरण कुठे तोडायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. ही विद्या तुमच्याकडेही आहे, फक्त तुम्ही ती कागदावर आणलेली नाही. तुमचं दुसरं प्रकरण वर्गात मोठ्याने सांगायची वेळ आली, तर वडिलांच्या स्वभावाचं ते दीड पानी वर्णन तुम्ही सांगाल का? चौथ्या वाक्याला मागच्या बाकावरून कुजबुज सुरू होईल आणि तुम्ही थेट जिन्यावर याल.

नोकरीबद्दल अमेरिकन लेखक रिक रायर्डन यांचा क्रमही सांगते. ते शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवत. प्रौढांसाठीची त्यांची पहिली रहस्यकादंबरी १९९७ साली आली, आणि त्यानंतरही ते शिकवत राहिले, लिहीत राहिले. स्वतःच्या मुलाला झोपताना सांगितलेल्या गोष्टीतून ‘द लाइटनिंग थीफ’ ही मुलांसाठीच्या एका मालिकेतली पहिली कादंबरी निघाली. तिचं हस्तलिखित त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना वाचायला दिलं होतं. ती पुस्तकमालिका प्रकाशकाने घेतल्यावर, २००४च्या सुमारास, त्यांनी वर्ग सोडला. म्हणजे पहिलं पुस्तक हातात आल्यापासून सात वर्षं ते दोन्ही करत होते. आणि साने गुरुजींनी अमळनेरची शाळा १९३० साली सोडली ती लेखनासाठी नव्हे, सत्याग्रहात उतरण्यासाठी. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मुलांना गोष्टी सांगून सांगून ती तोवर आत तयार झाली असणार, असं मला नेहमी वाटतं.

पैशांचंही स्पष्ट बोलू, कारण घरचे त्याचमुळे घाबरले आहेत आणि त्यांची भीती चुकीची नाही. लेखकाला पुस्तकाच्या छापील किमतीच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास मानधन मिळतं, बरेचदा त्याहून कमी. म्हणजे हजार प्रती विकल्या गेल्या तर तुमच्या हाती फार तर शंभर प्रतींची किंमत येणार. तीही वर्षातून एकदा, हिशोब आला तर. माझ्या एका पुस्तकाचा हिशोब तीन वर्षं आलाच नाही. मीही संकोचून मागितला नाही, आणि ती माझी चूक होती. संहिता स्वीकारल्यापासून पुस्तक हातात येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. या काळात महिन्याच्या पगाराची जागा काहीही घेत नाही. पुस्तक नावारूपाला आलं की शाळांमधली व्याख्यानं, कार्यशाळा, अनुवाद यांतून थोडं येऊ लागतं, पण ते पाच-सहा वर्षांनंतरचं चित्र आहे. करार करताना एवढं मात्र पाहा: स्वामित्वहक्क तुमच्याच नावावर राहावा, अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क एकगठ्ठा लिहून देऊ नका, कराराला मुदत असावी, आणि वर्षाच्या हिशोबाची तारीख कागदावर यावी. छापण्यासाठी कुणी तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर तिथून उठून या. आणि सेवाशर्तींत बाहेरच्या मानधनाबद्दल काही अट आहे का ते पाहून शाळेची लेखी परवानगी आधीच घ्या. पुस्तक गाजल्यावर कुणीतरी हा कागद मागतंच.

वेळेचा हिशोब तुम्हाला वाटतो तितका वाईट नाही. कुमार कादंबरी ४०-५० हजार शब्दांत नीट मावते. मी शाळेत असताना रोज सकाळी ४० मिनिटं बसत असे, आणि दिवसाला २५० शब्द झाले की उठत असे. असे २०० दिवस भरले की ५० हजार शब्द होतात. पेपर तपासायच्या आठवड्यांत मी लिहायचंच नाही, आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावायचा नाही, असं ठरवून टाकलं होतं. पहिला खर्डा शाळेच्या दिवसांत आणि पुनर्लेखन मोठ्या सुट्टीत, ही वाटणी मला मानवली. पुनर्लेखनाला सलग दिवस लागतात, कारण सगळी गोष्ट एकाच वेळी डोक्यात धरावी लागते. दुसरा खर्डा झाल्यावर, एखाद्या प्रकाशकाने होकार दिल्यावर, वर्षभराची बिनपगारी रजा मिळते का ते विचारा. राजीनाम्याच्या आधीची ती पायरी आहे, आणि ती तुम्ही विचारातच घेतलेली दिसत नाही.

वयाबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत, मीही एवढंच सांगते. इंग्रज लेखक डेव्हिड आल्मंड अनेक वर्षं शिकवत होते, प्रौढांसाठी कथा लिहीत होते. मुलांसाठीची त्यांची पहिली कादंबरी ‘स्केलिग’ १९९८ साली आली तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. तिला मुलांच्या पुस्तकांसाठी ब्रिटनमध्ये दिलं जाणारं त्या वर्षीचं कार्नेगी पदक मिळालं. माझं पहिलं पुस्तक ४४व्या वर्षी आलं. पुढे जा.

आता त्या मुलीविषयी. हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता विचारल्यासारखा विचारलात. मला तोच सगळ्यात जड वाटतो.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक मुलगी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर गेलेल्या भावाला पत्रं लिहिते. ते मी रचलेलं नव्हतं. माझ्या वर्गातली एक मुलगी तशी पत्रं लिहीत असे. एकदा वही तपासताना मागची पानं उघडली गेली, मी काही बोलले नाही, आणि नंतर काही दिवसांनी तिने स्वतः आणून दोन पत्रं मला दाखवली. कादंबरीत मी नाव बदललं, गाव बदललं, भावाच्या जागी बहीण घालावी का याचाही विचार केला. पण त्या मागच्या पानांचा मोह सुटला नाही. पुस्तकाचं कौतुक झालं आणि त्या प्रसंगाचं सगळ्यात जास्त झालं.

ती कॉलेजात असताना मला भेटायला आली. पुस्तक तिच्या पिशवीत होतं. ती रागावली नव्हती. म्हणाली, ‘बाई, मी ते फक्त तुम्हाला दाखवलं होतं.’

बाई, या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. मी माफी मागितली. तिने राहू द्या म्हटलं, खरंच राहू द्या म्हटलं. तरी पुढच्या आवृत्तीत मी तो प्रसंग काढून दुसरा लिहिला. पुस्तक त्याने थोडं दुबळं झालं, हे मला दिसतं. तरी तो बदल करायलाच हवा होता, हेही मला तितकंच दिसतं. नाव बदललं की झालं असं आपण समजतो, पण ज्याचं असतं तो नावावरून ओळखत नाही. तो मागच्या पानांवरून ओळखतो.

निबंधाची वही आपल्या हाती लेखक म्हणून आलेली नसते. ती तपासण्यासाठी येते. मुलाने ते लिहिलं कारण ते वाचणारी व्यक्ती ‘बाई’ होती, आणि बाईंना सांगितलेलं बाहेर जात नाही असा त्याचा विश्वास होता. तो विश्वास कुठल्याही करारात लिहिलेला नसतो. तुमच्या त्या विद्यार्थिनीने निबंधात नेमकं काय लिहिलं होतं ते मला ठाऊक नाही, आणि तुम्ही मला सांगूही नका. पण संहिता घेऊन बसा आणि तिच्या वहीतून जे जे आलं आहे, तिचा प्रसंग, तिचं वाक्य, तिची वस्तू, त्या प्रत्येकाखाली पेन्सिलीने रेघ ओढा. मग रेघ नसलेलं काय उरतं ते पाहा.

तिचं जे आहे ते तुम्ही तिच्याकडून मागू शकता. ती आता सज्ञान असेल आणि तिच्यापर्यंत सहज पोचता येत असेल, तर तिला सरळ लिहा की मी अशी गोष्ट लिहिली आहे, त्यात तुझं एवढं एवढं आहे, तू नाही म्हणालीस तर ते सगळं काढेन. आणि ती नाही म्हणाली तर खरोखर काढा. तिने उत्तरच दिलं नाही तर तेही नाहीच धरा. तुमच्या हाकेला ‘हो बाई’ म्हणायची तिला सवय आहे, म्हणून तिला वेळ द्या. एकदाच विचारा, पुन्हा आठवण करू नका. ती अजून शाळकरी वयाची असेल तर विचारूही नका. सरळ दुसरं काहीतरी रचा.

तुम्हाला वाटेल, ते काढलं तर उरणार काय? मला जी शंका आहे ती बोलून दाखवते. जिन्यावरची ती पावलं तिच्या निबंधातली नाहीत असं मला वाटतं. निबंधात मुलं असं लिहीत नाहीत, निबंधात ती ‘बाबा गेल्यापासून घर सुनं सुनं झालं’ असं लिहितात, कारण आपणच त्यांना तसं शिकवलेलं असतं. ती अकरा पावलं, थांबा आणि किल्ली कुणी दुसऱ्याने ऐकलेली आहेत. कुणीतरी अंधारात, झोपल्याचं सोंग घेऊन. ते तुम्ही असाल तर ही कादंबरी त्या विद्यार्थिनीची मुळात नव्हतीच. तुम्ही तिच्या वहीआड उभ्या राहून स्वतःचं काहीतरी सांगत होता, आणि ते उघडं पडू नये म्हणून शेवटी शहाण्या बाईंना पाठवून दिलंत. माझा अंदाज चुकलेला असू शकतो. तसं असेल तर सोडून द्या.

पण बरोबर असेल, तर आता एवढंच करा. पूर्ण कादंबरी बाजूला ठेवा. राजीनाम्याचं पत्र लिहिलं असेल तर तेही त्याच खणात ठेवा. येत्या सुट्टीत फक्त पहिलं प्रकरण पुन्हा लिहा. त्या मुलीला ‘मी’ म्हणू द्या, तिच्या तोंडून कुठलंही शहाणपण येऊ देऊ नका, आणि प्रकरण किल्ली शेजारच्या दाराला लागते तिथेच थांबवा. लिहून झालं की नाव काढून टाका आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या एखाद्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती कुणाकरवी तरी पडू द्या. सोबत एक पेन्सिल द्या. आवडलं का असं विचारायला सांगू नका, कुठे थांबावंसं वाटलं तिथे खूण कर, एवढंच सांगायला सांगा.

ती प्रत परत आली की खुणांसकट मला पाठवा. बाकीची प्रकरणं आत्ता नकोत.

तुमची,
आणखी एक बाई